कारणाच्या रकान्यात

"ह्या विटा कुणाच्या?"

शनिवारी दुपारी साडेतीनला पाच नंबरच्या मशीनमागे उभं राहून मी हा प्रश्न विचारला, तेव्हा माझ्या हातात लाल चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता. भिंतीलगत बावन्न विटा ओळीनं मांडलेल्या होत्या. प्रत्येक वीट जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून वर सुतळीनं बांधलेली. पॅकिंगच्या बायका झाकणं पुसत होत्या. त्यांचे हात थांबले.

"कंपनीच्याच हायेत साहेब," शेवटी कौसाबाई म्हणाल्या. पॅकिंगमध्ये त्या सगळ्यांत जुन्या. "राहू द्या की. लागतेत."

"आपली कंपनी झाकणं बनवते, कौसाबाई. घरं नाही बांधत."

हा विनोद मला स्वतःला फार आवडला. बायका मात्र काशिनाथमामांकडे बघत होत्या.

काशिनाथ वाघचौरे आमचे सेटर. साचा मशीनवर चढवणं, उष्णता, दाब, पाणी हे सगळं जुळवून पहिला चांगला माल काढणं हे सेटरचं काम. सातवी पास, वय चोपन्न, नोकरी एकोणीस वर्षं. मालक बंगसाहेबांपासून वॉचमनपर्यंत सगळे त्यांना मामा म्हणायचे. मामा साच्याला कान लावून आत पाणी नीट फिरतंय की नाही ते सांगायचे. मला ही पद्धत अशास्त्रीय वाटायची.

"मामा, तुम्ही तरी सांगा. लागतात का ह्या?"

"मी लिहून दिलंय साहेब. कालच पेटीत टाकलं."

"शाब्बास! असंच पाहिजे," मी म्हणालो आणि पहिल्या विटेवर लाल चिठ्ठी चिकटवली. मामांनी पुन्हा तोंड उघडलं तसं मी बोट वर केलं. "लेखी, मामा. लेखी." त्यांनी तोंड मिटलं.

ही गोष्ट २००४ सालची, वाळूज एमआयडीसीतली. त्रिदल पॉलिमोल्ड ह्या अकरा मशीनच्या प्लास्टिक कारखान्यात मी प्रॉडक्शन मॅनेजर म्हणून पुण्याहून नुकताच आलो होतो. वय एकतीस. येण्याआधी 'फाइव्ह एस'चं चार दिवसांचं प्रशिक्षण घेतलं होतं आणि त्याचं प्रमाणपत्र फ्रेम करून केबिनमध्ये लावलं होतं. कामाच्या जागी लागेल तेवढंच ठेवायचं, बाकीचं बाहेर काढायचं, ही त्यातली पहिली पायरी. ज्या वस्तूची गरज दिसत नाही तिला लाल चिठ्ठी लावायची आणि दिवसभरात कुणाची लेखी हरकत आली नाही तर ती हलवायची. शनिवारी हे काम पाच नंबरपासून सुरू होणार अशी सूचना मी गुरुवारीच फळ्यावर लावली होती.

आधीच्या मॅनेजरची केबिन म्हणजे चावडी होती असं माझ्या कानावर आलं होतं. म्हणून मी पहिल्याच दिवशी जाहीर केलं, की तोंडी कुणी काही सांगायचं नाही. सूचना असेल ती फॉर्मवर लिहून पेटीत टाकायची. पेटीला कुलूप, किल्ली माझ्याकडे, आणि पेटी महिनाअखेरीस सगळ्यांसमोर उघडणार. थोडक्यात, हरकत लेखी घ्यायची, लेखी म्हणजे पेटीत, आणि पेटी उघडणार महिन्यानं. ह्या तीन नियमांचा एकमेकांशी काय संबंध येतो हे मी तपासलं नव्हतं. तिन्ही माझेच होते, त्यामुळे तशी गरज वाटली नाही.

रविवारी विटा गेल्या. वाया नाही घालवल्या. गेटपाशी झेंड्याच्या खांबाभोवती माळ्यानं त्यांचा गोल केला, तिरप्या रोवून, एक पांढरी, एक गेरूची. सोमवारी बंगसाहेब गाडीतून उतरले आणि दोन मिनिटं तिथंच उभे राहिले.

"वा, खरवंडीकर. आता कंपनी कंपनीसारखी दिसते."

मी त्या दिवशी घरी बायकोला फोन करून हे वाक्य जसंच्या तसं सांगितलं.

गुरुवारी सकाळी बॅटरी कंपनीचा फोन आला.

आमच्या अकरांपैकी सहा मशीन ह्या एका कंपनीच्या झाकणांवर चालायच्या. बॅटरीच्या डब्यावर झाकण ठेवून ते उष्णतेनं चिकटवतात. झाकण जरा जरी वाकडं असलं तर फट राहते आणि ॲसिड गळतं. त्यांची लाइन तीन तास बंद पडली होती. दुपारी टेम्पो भरून चार हजार झाकणं परत आली. मी एक टेबलावर ठेवून कोपऱ्यावर बोट दाबलं, तर ते पाळण्यासारखं डुललं.

पुढचे दोन दिवस मी शास्त्र लावलं. साचा थंड करायचा वेळ वाढवला, कमी केला. पाण्याचं तापमान बदललं, दाब बदलला, प्लास्टिकच्या दाण्यांची गोणी बदलली. काशिनाथमामा मी सांगेन तसे निमूटपणे बदल करत होते. साच्यातून निघताना झाकण एकदम सरळ असायचं. तासाभरानं बघावं तर वाकडं. शनिवारी दुपारी मी स्टुलावर बसकण मारली.

"मामा, ह्या मशीनला झालंय तरी काय?"

"मशीनला काही नाही झालेलं."

"मग?"

मामांनी हातातला पाना फडक्यानं पुसला. "बोलू का साहेब, का लिहून देऊ?"

"बोला हो."

"विटा."

मला आधी कळलंच नाही. मग कौसाबाईंनी हातातलं झाकण खाली ठेवलं आणि मला पहिलीतल्या पोराला समजावावं तसं समजावलं. "पापड भाजला की कसा असतो साहेब? तव्यावर सरळ. ताटात पडला का मुरडला. तसंच हे. गरम हाये तवरच वीस-वीसची चवड लावायची, वर वीट ठेवायची आन् चार तास हात लावायचा नाही. मग जन्मात वाकत नाही."

"कधीपासून?"

"नऊ वर्षं झाली," मामा म्हणाले. "साच्यातली पाण्याची एक वाट कोपऱ्यात बुजली. तो कोपरा तापलेलाच राहतो. साचा बॅटरीवाल्यांचा. दुरुस्तीला द्यायचा म्हणजे महिनाभर काम बंद, आन् बुजला कसा त्याचा जाब वेगळाच. बंगसाहेब म्हणाले, मामा, काहीतरी करा. तवा कंपाउंडच्या भिंतीच्या विटा उरल्या व्हत्या. म्या ठेवून पाहिल्या. जमलं."

मी धावतच गेटपाशी गेलो. माळी अडवायला आला. "साहेब, कालच दुसरा हात मारलाय!" मी त्याला बाजूला करून स्वतः विटा उपटल्या. बायकांनी त्या घासल्या, तरी गेरू सुटेना, पहिल्या दिवसाच्या झाकणांवर तांबडे डाग आले. कौसाबाईंनी दुसऱ्या दिवशी घरून दोन जुनी लुगडी आणली. तिसऱ्या दिवशी झाकणं सरळ झाली. मला हसावं की रडावं ते कळेना, म्हणून मी बंगसाहेबांकडे गेलो.

त्यांच्या टेबलावर बॅटरी कंपनीचा छापील फॉर्म पडला होता. दोष काय, मूळ कारण काय, काय उपाय केला, अशा रकान्यांचा. दोन दिवसांत भरून पाठवायचा, आणि महिन्याभरानं त्यांचा ऑडिटर येऊन उपाय डोळ्यांनी बघणार. ऑडिटमध्ये नापास झालो तर झाकणांचं काम दुसऱ्या कारखान्याला जाणार होतं.

"कारण तर सापडलं साहेब," मी म्हणालो. "विटा हलवल्या."

बंगसाहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी कुठल्या शाळेत शिकलो ते त्यांना विचारायचं असावं. "नऊ वर्षं आपण त्यांना लिहून देतोय, की झाकण साच्यातून सरळ निघतं. आता लिहू, की नाही हो, वर वीट ठेवतो? ते विचारतील, साचा का नाही दुरुस्त केला? तुमच्या मंजूर पद्धतीत वीट कुठे आहे?"

"मग लिहू काय?"

"माणूस लिहा. माणसाची चूक कुठल्याही कंपनीला लगेच समजते."

"कुठला माणूस?"

"अरे भाई, सेटर एकच तर आहे आपल्याकडे."

मी लिहिलं. इंग्रजीत लिहिलं, आणि मामांची सही लागणार होती म्हणून खाली मराठीत. तो कागद घेऊन मी चहाच्या सुट्टीत त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चष्मा लावला आणि एकेका शब्दावर बोट ठेवत वाचलं.

"'सेटरने साचा थंड करण्याचा वेळ परस्पर कमी केला.' म्हणजे मी."

"कागदावरचे तुम्ही, मामा."

"कागदावरचा मी लई हुशार दिसतोय. परस्पर निर्णय घेतो." ते हसले आणि पुढे वाचू लागले. "'सदर सेटरला मशीनवरून हटवण्यात आले आहे.' आन् मग मशीन कोण लावणार?"

"तुम्हीच."

"म्हणजे तो गेला आन् मी राहिलो."

"अगदी बरोबर."

त्यांनी चष्मा काढला. आता ते हसत नव्हते. "साहेब, चार वर्षं राहिलीत माझी. ह्या वयात सातवी पास सेटरला वाळूजमध्ये कुणी गेटच्या आत घेत नाही. सगळीकडं डिप्लोमावाली पोरं हायेत. नोकरीला काही होणार नाही ना?"

"माझा शब्द आहे, मामा. तुमच्या नोकरीला धक्का लागणार नाही."

त्यांनी सही केली. अक्षर अक्षर जुळवून, वर शिरोरेघ देऊन. मला खरोखर हायसं वाटलं. शब्द देताना मी खोटं बोलत नव्हतो, हे आजही छातीवर हात ठेवून सांगतो. त्याचा उपयोग काही नाही, पण सांगतो.

महिनाअखेर आली. सूचनापेटी सगळ्यांसमोर उघडायची होती. आत कुणी माझ्याबद्दल काहीबाही लिहिलेलं असेल ह्या धास्तीनं मी ती अर्धा तास आधी केबिनमध्ये एकट्यानं उघडली. आत गुटख्याची रिकामी पुडी आणि एकच फॉर्म होता.

अक्षर मुलीचं, गोलसर. मामांची धाकटी बारावीला होती, तिनं लिहून दिलं असणार. तारीख त्या शुक्रवारची, म्हणजे मी चिठ्ठ्या लावायच्या आदल्या दिवसाची. 'मा. खरवंडीकर साहेब यांस, पाच नंबरच्या विटा काढू नयेत ही विनंती. झाकणे वाकतील व माल परत येईल.' खाली कारण सविस्तर दिलेलं. आणि पुढे, 'विटा दिसायला वाईट दिसतात हे खरे आहे. साहेबांनी मनावर घेतल्यास विटेच्या वजनाची लोखंडी पाटी करावी. खाली रबर लावावे, वर धरायला कडी. पिवळा रंग दिल्यास पाहुण्यांना बरे दिसेल.' मागच्या पानावर पेन्सिलनं पाटीचं चित्र आणि मापं.

मला लाज वाटली. तो फॉर्म चारचौघांसमोर वाचायचा म्हणजे माल का परत आला ते वाचायचं, आणि कारणाच्या रकान्यात कुणाचं नाव असायला हवं होतं तेही. मी तो घडी करून खिशात टाकला.

सगळे जमल्यावर मी पेटीचं कुलूप पुन्हा उघडलं, पेटी तिरपी करून दाखवली आणि म्हणालो, "या महिन्यात एकही सूचना आलेली नाही. पुढच्या महिन्यात जास्त उत्साह दिसू द्या."

काशिनाथमामा पुढच्याच रांगेत होते. त्यांनी पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा त्यांनीही वाजवल्या.

आठवड्याभरात मी लोखंडी पाट्या करून घेतल्या. खाली रबर, वर कडी, पिवळा रंग. त्यांना इंग्रजीत भारदस्त नाव दिलं, नंबर दिला, आणि ग्राहकाकडे 'सुधारणा' म्हणून मंजुरीला पाठवलं. विटा लिहिता येत नव्हत्या, पाट्या लिहिता येत होत्या. मंजुरी आलीसुद्धा. आज मी नोकरी सोडून कारखान्यांना सल्ला देतो, आणि माझ्या प्रशिक्षणात ह्या पाट्यांचा फोटो तिसऱ्या स्लाइडवर असतो. लोक वहीत उतरवून घेतात.

पहिली पाटी आली तेव्हा मामांनी ती उचलून पाहिली, उलटी करून रबर दाबून पाहिलं.

"कडी जराशी बारीक झाली," ते म्हणाले. "बाकी बरोबर हाये."

एवढंच. मी मान हलवली आणि दुसऱ्या मशीनकडे काम असल्यासारखा गेलो.

ऑडिटच्या दिवशी काय काय लपवायचं ह्याची एमआयडीसीत ठरलेली रीत आहे. भंगार टेम्पोत भरायचं आणि टेम्पो दिवसभर एमआयडीसीत फिरवायचा. हजेरीवर नसलेल्या बायकांना सुट्टी द्यायची. गळकी मशीन 'देखभालीसाठी बंद' अशी पाटी लावून झाकायची. आमच्या यादीत ह्या वेळी एक जास्तीची बाब होती. मशीनवरून हटवलेला सेटर.

मामांनी सकाळी सातला येऊन पाच नंबर लावलं, पहिली वीस झाकणं तपासली आणि मग डबा आणि पेपर घेऊन ग्राइंडरच्या खोलीत जाऊन बसले. खराब माल दळून पुन्हा दाणे करायची ती खोली, परत आलेल्या झाकणांची पोती अजून तिथंच होती. धूळ दिसू नये म्हणून ग्राइंडर त्या दिवशी बंद ठेवला होता.

"बाहेरून कडी लावा साहेब," मामांनीच सुचवलं. "कुणी चुकून दार उघडायला नको."

ऑडिटर पिंपळखरे नावाचे गृहस्थ होते. पन्नाशीचे, किडकिडीत, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. आवाज इतका मऊ, की ऐकायला वाकावं लागायचं. त्यांनी तीन तास कागद पाहिले. चहा नको म्हणाले. मग पाच नंबरमागे आले आणि पिवळ्या पाट्यांपाशी थबकले.

"सुरेख. साधं आणि पक्कं. कल्पना कुणाची?"

"आमच्या टीमची."

"टीम कुणाची?"

"म्हणजे... माझीच."

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. कौसाबाई तीन फुटांवर चवडी लावत होत्या. त्यांचे हात चालू होते, पण नजर माझ्यावर होती.

"आणि तो सेटर?" पिंपळखऱ्यांनी विचारलं. "वाघचौरे. त्यांना बोलवा ना जरा. दोन प्रश्न विचारायचे आहेत."

ह्याची तयारी मी केली नव्हती. दुसऱ्या विभागात आहे म्हणावं तर ते म्हणणार, चला, तिकडे जाऊ. रजेवर आहे म्हणावं तर म्हणणार, हजेरीबुक दाखवा, आणि हजेरीबुकात मामांची सकाळची सही होती. आणि मामा समोर आले, आणि ह्या मऊ आवाजाच्या माणसानं विचारलं, की तुम्ही वेळ का कमी केला, तर मामा काय सांगतील? त्यांना खोटं बोलायची सवय नव्हती. सही करणं वेगळं, बोलणं वेगळं.

"ते आता कंपनीत नाहीत," मी म्हणालो. "काढलं आम्ही त्यांना. आज गेटवर हिशेबाच्या सहीसाठी येऊन गेले, तेवढंच."

हजेरीबुकातल्या सहीचाही बंदोबस्त एका वाक्यात झाला, ह्याचं मला त्या क्षणी चक्क कौतुक वाटलं.

पिंपळखऱ्यांनी चष्मा काढला. "काढलं? अरेरे."

"कडक कारवाई पाहिजेच ना साहेब."

"कुणी सांगितलं? माणूस चुकला तर शिकवायचा असतो, खरवंडीकर. आमच्या नियमात स्पष्ट लिहिलंय. फेरप्रशिक्षण. तेवढं केलं असतंत तर मी त्याचे पूर्ण मार्क दिले असते." त्यांनी हातातली नोंदवही उघडून मला दाखवली. "मी जुन्या नोंदी चाळल्या. एकोणीस वर्षं नोकरी, आणि ह्या मशीनवर नऊ वर्षांत एक झाकण परत आलेलं नाही. असा माणूस एके दिवशी उठून वेळ कमी करेल? मला पटेना. म्हणून खरं तर मी त्यांनाच भेटायला आलो होतो."

कडी लावलेलं दार चाळीस पावलांवर होतं. माझ्या मनात आलं, सांगून टाकावं. साहेब, चुकलो, चला दाखवतो. पण मग हटवलेला सेटर खोलीत कोंडून का ठेवलाय, आणि पाटी कुणाची, आणि वेळ कुणी कमी केला, असं एकेक सुटत जाणार होतं. मी म्हणालो, "आमचंही मन फार दुखलं साहेब, पण निर्णय घ्यावा लागला."

"बरं. मग काढल्याच्या पत्राची प्रत द्या. फाइलला लागेल."

"उद्या पाठवतो."

शंभरपैकी एक्क्याण्णव मार्क मिळाले. तीन मार्क माणूस काढला म्हणून कापले होते. 'अनुभवी कामगार टिकवण्याकडे व्यवस्थापनाने लक्ष द्यावे,' असा शेरा होता.

पिंपळखऱ्यांची गाडी गेटबाहेर पडली तसे बंगसाहेबांनी पेढे मागवले. मी त्यांना काय काय झालं ते सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते.

"मग पत्र तयार करा," ते म्हणाले. "मागच्या महिन्याची तारीख टाका."

"साहेब, खरंखुरं पत्र?"

"खोटं पत्र घेऊन काय करणार? पुढच्या ऑडिटला ते पगारपत्रक बघतील, त्यात मामांचं नाव दिसलं तर? तुम्ही बोललात ते आता खरं करावं लागेल."

"मी त्यांना शब्द दिलाय."

"शब्द तुम्ही मामांनाही दिलात आणि पिंपळखऱ्यांनाही. दुसरा फाइलला लागलाय."

"मी फोन करतो पिंपळखऱ्यांना. सांगतो, मी खोटं बोललो."

माझा आवाज चढला होता. बंगसाहेब चिडले नाहीत. त्यांनी टेबलावरचा फोन उचलून माझ्यासमोर ठेवला आणि पिंपळखऱ्यांचं कार्ड त्याच्या शेजारी ठेवलं.

"करा," ते म्हणाले. "त्यांचा मोबाइल आहे त्यावर. गाडी अजून इथल्याच पंढरपूर फाट्यापाशी असेल. मी अडवत नाही. मामा माझ्याकडे तुमच्याआधीपासून आहेत."

ते खरोखरच अडवत नव्हते. मी कार्डाकडे पाहिलं. एक एप्रिलपासून मला प्लांट हेड करायचं ठरलं होतं. फ्लॅटचं बुकिंग झालं होतं, बायको सामान बांधत होती. आणि फोन केला तर माझं एकट्याचंच नाही, सहा मशीन आणि त्यावरची चाळीस माणसं ह्यांचंही काम जाणार होतं. हे शेवटचं कारण मला सगळ्यात चांगलं वाटलं. मी ते चांगलं धरून ठेवलं, आणि कार्ड बंगसाहेबांना परत दिलं.

"पेढा घ्या," ते म्हणाले.

साडेचारला मी ग्राइंडरच्या खोलीची कडी काढली. काशिनाथमामा पोत्यांवर बसून पेपर वाचत होते. मला पाहून उठले, पँटची धूळ झटकली.

"गेले का पाहुणे?"

"गेले."

"पास?"

"पास. एक्क्याण्णव."

त्यांचा चेहरा असा फुलला, की जणू मार्क त्यांच्या पोरीला पडले होते. "झकास! पाट्या आवडल्या?"

"फार आवडल्या."

"मग येऊ का बाहेर? पाच नंबरचं पाणी सकाळपासून कुणी पाहिलेलं नाही."

मी दारातच उभा होतो. बाजूला झालो नाही. "मामा," मी म्हणालो, "तुम्ही आज घरी जा."

"आत्ता? सुटायला दीड तास हाये अजून."

"मागच्या गेटनं जा."

मी काहीतरी बोललो. पिंपळखरे, पत्र, फाइल, चाळीस माणसं, असं काहीसं, क्रम न लावता. माझं बोलणं संपेपर्यंत ते पेपरची घडी घालत होते. घडी फार वेळ चालली.

"उद्या येऊ नको म्हणता."

"हो."

ते चिडतील, शिव्या देतील, शब्दाची आठवण करून देतील, असं मला वाटलं होतं. खरं सांगायचं तर त्यांनी तसं करावं अशी माझी इच्छा होती. त्यांनी परत आलेल्या झाकणांच्या पोत्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "कागद हाये का तुमच्याकडं?"

मला वाटलं, त्यांना काही लिहून हवंय. मी खिशातली डायरी आणि पेन पुढे केलं. त्यांनी ते घेतलं नाही.

"तुम्हीच लिवा. माझ्या जागी जो येईल त्याला सांगायला लागेल. पाच नंबरचा डाव्या हाताचा कोपरा उन्हाळ्यात जास्त तापतो. मार्चपासून पाणी अर्धा तास आधी सोडायचं. लिवलं?"

"लिहिलं."

"दाणे नवे असले तर चार तास, दळलेले मिसळले असले तर पाच. त्याबिगर पाटी उचलायची नाही. कौसाबाईला माहीत हाये, पण नवा पोरगा बाईचं ऐकणार नाही, म्हणून तुमच्या सहीनं लावा."

मी लिहीत होतो. ते एकेक मशीन घेत सांगत गेले. तीन नंबरचा दाब सकाळी वेगळा का असतो, आठ नंबरचा साचा चढवताना डावीकडे कागदाची घडी का घालायची, साच्याला कान लावला की बुजलेली वाट कशी ऐकू येते. एकोणीस वर्षं चार पानांत मावली. अक्षर दिसेनासं होत होतं म्हणून मी डोळे पुसले. त्यांनी ते पाहिलं आणि माझं लिहून होईपर्यंत थांबले.

"झालं?"

"झालं, मामा."

"वाचून दाखवा एकदा. चुकलं तर माल परत येईल."

मी पहिल्या ओळीपासून वाचून दाखवलं. त्यांनी दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली, ती मी करून घेतली. मग ते डबा उचलून मागच्या गेटनं निघून गेले.